पहिली आवृत्ती घ्या, पण उघडू नका

बेळगावात प्रतिष्ठित होण्याचे जुने मार्ग आता जवळपास बंद झालेत. टिळकवाडीत प्लॉट परवडत नाही, नगरसेवक व्हायचं तर दोन भाषांतून शिव्या खाव्या लागतात, आणि गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या स्वागत समित्या केव्हाच भरून गेल्यात. तेव्हा एक मार्ग सुचवतो. आधुनिक मराठी कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमवा. एका काचेच्या कपाटात मावतील एवढ्याच घ्यायच्या आणि पाहुणे आले की कपाटाकडे बघत चहा प्यायचा. सगळ्यात मोठी सोय म्हणजे त्यातली एकही वाचावी लागत नाही. वाचलीत तर नुकसान तुमचंच आहे.

हा माझा हट्ट नाही, बाजाराचा नियम आहे. कणा ताठ, कोपरे टोकदार, पानं छापखान्यातून आली तशी एकमेकांना बिलगून बसलेली, अशी प्रत सगळ्यात महाग. एका वाचकाचा हात लागला की भाव उतरतो. दहांचा लागला की रद्दी. साहेबांच्या मुलखात तर पुस्तकापेक्षा त्याच्या कागदी वेष्टनाला मान जास्त. ‘द ग्रेट गॅट्सबी’ची १९२५ची पहिली आवृत्ती वेष्टनाशिवाय काही हजार डॉलरला मिळते, चांगल्या वेष्टनासह असली तर लाखाच्या पुढे जाते. म्हणजे कादंबरी हजारांची आणि तिच्यावरचा कागद लाखाचा. याला म्हणतात साहित्याची कदर.

आपल्याकडे वेष्टन शोधायला जाल तर निराश व्हाल. पुस्तक घरात आलं की पहिलं काम वेष्टन काढून ठेवणं आणि खाकी कागदाचं कव्हर घालणं, अशी रीत होती. काढून ठेवलेलं वेष्टन पुढे कपाटाच्या फळीवर अंथरलं जाई, किंवा त्यावरचं दीनानाथ दलालांचं चित्र कापून कुणीतरी चित्रकलेच्या वहीत डकवलेलं असे. अशा माणसांनी आपलं केवढं नुकसान करून ठेवलंय याची त्यांना कल्पनाही नव्हती. चित्र आवडलं म्हणून कापलं म्हणे.

आता पारख. प्रत हातात आली की गोष्टीकडे वळू नका, श्रेयनामावलीचं पान उघडा. मराठी प्रकाशक या बाबतीत बरे, बहुतेक जण पहिल्या आवृत्तीपासूनच्या तारखा ओळीनं छापतात. काही जुन्या पुस्तकांवर शके आणि गुढीपाडवाच असतो, तिथं शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, तेवढं गणित येत असावं. प्रकाशकाचं नावही बघा. ‘कोसला’ १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं काढली, पॉप्युलर प्रकाशनाकडे ती नंतर गेली. तरीही पॉप्युलरची प्रत हातात धरून “पहिलीच आहे, मालक” म्हणणारा विक्रेता तुम्हाला भेटेल. त्याच्याशी वाद घालू नका. त्याच्या हिशेबी त्याच्या दुकानात आलेली ती पहिलीच असते.

मुखपृष्ठही वाचा. (मुखपृष्ठ वाचायला हरकत नाही, आतलं नको.) ‘ययाति’ १९५९ची, खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं १९७४चं. ‘स्वामी’ १९६२ची, तिला साहित्य अकादमी १९६४ची. मुखपृष्ठावर पुरस्कार झळकत असताना आत पहिल्या आवृत्तीचंच पान निघालं, तर ते पान कुठून आलं हे विचारावं. पण विक्रेत्याचा चेहरा इतका निरागस असतो की विचारवत नाही.

आणखी एक खूण सांगतो, ही मात्र खरंच कामाची आहे. प्रकाशकाच्या पत्त्यात ‘पुणे ३०’ असेल तर आशेला जागा आहे. ‘पुणे ४११ ०३०’ असेल तर ते पुस्तक १५ ऑगस्ट १९७२च्या आधीचं असूच शकत नाही, कारण सहा आकडी पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक साधारण १९५७च्या अलीकडचं नाही, त्या वर्षी एप्रिलपासून नवे पैसे आले. आयएसबीएन आणि बारकोड असलेली ‘१९६७ची मृत्युंजय’ कुणी दाखवली तर नमस्कार करून बाहेर पडा.

इतर ठिकाणच्या संग्राहकांना एवढ्यावर भागवावं लागतं. आपल्याला सीमाभागात जन्मल्याचा एक जादा फायदा आहे, तो म्हणजे वाचनालयाचा रबरी शिक्का. गाव जागेवरच राहिलं, शिक्का तेवढा बदलत गेला. ‘जि. बेळगाव, मुंबई राज्य’ असेल तर प्रत १ नोव्हेंबर १९५६च्या आधी वाचनालयात आली. ‘म्हैसूर राज्य’ असेल तर त्यानंतर आणि १ नोव्हेंबर १९७३च्या आधी, त्या दिवशी राज्याचं नाव कर्नाटक झालं. ‘बेळगावी’ असेल तर २०१४नंतरची. वर्ष-दोन वर्षांची सूट धरा, कारण सरकार बदललं तरी जुना शिक्का झिजेपर्यंत वापरायचा ही आपली पद्धत. पुण्यामुंबईच्या तज्ज्ञाला हे शास्त्र येत नाही. आपण मोर्चे काढले, काळे दिवस पाळले, त्यातून निदान एवढी विद्या तरी पदरात पडली.

अडचण एकच. ज्या शिक्क्यानं प्रतीचा काळ निःसंशय सिद्ध होतो, त्याच शिक्क्यानं तिची किंमत मातीमोल होते. वाचनालयाची प्रत संग्राहक घेत नाही. त्यातून आपल्या वाचनालयांना एका शिक्क्यानं समाधान नव्हतं. पहिल्या पानावर एक, शेवटच्या पानावर एक आणि चोराला कळू नये म्हणून मध्येच ठरलेल्या एका गुप्त पानावर एक. ते गुप्त पान अख्ख्या गावाला पाठ असे.

काय घेऊ नये याचा नमुना म्हणून खानापूरकडच्या एका खेड्यातल्या बंद पडलेल्या वाचनालयातून निघालेली प्रत सांगतो. पहिली आवृत्ती, शंकाच नाही. म्हैसूर राज्याचा शिक्का. पण बांधणी बदललेली: मूळ पुठ्ठा काढून हिरवट कापडाचा घातलेला, कणा दाभणानं शिवलेला, त्यात नावाची पहिली दोन अक्षरं गेली. मागच्या पानावर परतीच्या तारखांचा कागद, तो भरला म्हणून त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. पावसाळ्यात तर तारखांची नुसती रांग लागलेली, रोपं लावून झाली की सगळं गाव वाचायला बसत असावं. एका पानावर हळदीचं बोट. नायिका मरते त्या पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘असं करायला नको होतं.’ त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात, ‘बरोबर.’ त्याखाली तिसऱ्याचं, ‘दुसरा इलाज नव्हता.’ आणि या सगळ्यांच्या खाली लाल शाईत, बहुधा ग्रंथपालाचं, ‘पुस्तकात लिहू नये. पण मलाही पटलं नाही.’ शेवटची चार पानं नव्हतीच. ती कुणीतरी वहीच्या कागदावर हातानं उतरवून काढून चिकटवली होती, सुवाच्य अक्षरात, ऱ्हस्वदीर्घासकट. पुण्याच्या जाणकारानं प्रत बघितली आणि तीन शब्दांत निकाल दिला: “शून्य. सगळंच गेलंय.” तेव्हा असल्या प्रतीच्या नादी लागू नका.

चांगली प्रत मिळते कुठं? सकाळी पेपर आला की आधी निधनवार्ता बघा. ‘निवृत्त मराठी शिक्षक’ एवढे शब्द दिसले की पत्ता टिपून ठेवा. शहापूर, अनगोळ, वडगाव हा भाग या दृष्टीनं समृद्ध आहे. दहावा होऊ द्यावा, तेवढी माणुसकी हवीच. पण तेराव्याच्या पुढे थांबलात तर रद्दीवाला येऊन गेलेला असतो. मुलगा बेंगळुरूला, मुलगी पुण्याला, नातवंडं इंग्रजी माध्यमात, म्हणजे स्पर्धा कुणाची नाही. घरात एकट्या काकू. त्या म्हणतील, “ह्यांचा पगार झाला की आधी पुस्तक यायचं बघा, मग किराणा. मी लई भांडले.” इथं मान हलवायची आणि डोळे फळीवरून फिरवायचे. हवी ती कादंबरी दिसली तरी हात लावायचा नाही. आधी पाककृतीचं पुस्तक उचला, मग जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा, मग सहज आठवल्यासारखं, “हे पण असू दे ह्यात.” काकू पैसे घेणार नाहीत. “वाचणाऱ्याच्या घरी जातायत, मग पैसे कशाला? न्या की सगळी,” असं म्हणतील. अशा वेळी घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. एक कप चहा घेतला की जातं.

सहीवाल्या प्रतींबद्दल सावध राहा. रणजित देसाई कोवाडचे, आपल्या शेजारचे. त्यामुळे बेळगाव-चंदगड पट्ट्यात ज्याला विचारावं त्याच्याकडे ‘स्वामी’ची सहीची प्रत असते, फक्त बघायला मागितली की ती नुकतीच पाहुण्यांनी नेलेली असते. पुलं राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, तेव्हा त्यांची सही तर इथल्या प्रत्येक आजोबांच्या वहीत. सहीखाली तारीख असली तर लेखकाच्या निधनाची तारीख आधी तपासा. देसाई १९९२ साली गेले. त्यानंतरची सही मिळाली तर ती कादंबरीच्या नाही, अध्यात्माच्या कपाटात ठेवा. ‘चि. सौ. कां. हिस विवाहप्रीत्यर्थ’ किंवा ‘वक्तृत्व स्पर्धा, द्वितीय क्रमांक’ असं लिहिलेली प्रत मात्र टाळा. लेखकानं लिहिलं तर भाव वाढतो. माणसांनी लिहिलं तर उतरतो.

छपाईच्या चुकांनाही इंग्रजीत भाव आहे. ‘हॅरी पॉटर’च्या १९९७च्या पहिल्या छपाईत, म्हणजे ज्या फक्त ५०० पुठ्ठाबांधणीच्या प्रती निघाल्या त्यांत, ५३व्या पानावरच्या यादीत जादूची छडी दोनदा आलीय, आणि त्या चुकीवरून प्रत ओळखतात. मराठीत या निकषावर जाऊ नका. आपल्याकडे चुका पहिल्या आवृत्तीपासून दहाव्या आवृत्तीपर्यंत इमानदारीनं जपल्या जातात. पहिल्या आवृत्तीत निदान शुद्धिपत्र तरी असतं. ते सुटं असेल तर हरवू नका, कादंबरीत सर्वात दुर्मीळ तेच.

जपणूक. बेळगावचा पाऊस, त्यातून खानापूरचा, पुस्तकाचा वैरी. भिंतीला लागून कपाट ठेवलंत की बुरशी, बंद ठेवलंत की कसर, उघडं ठेवलंत की वाचणारे. पहिल्या दोघांना वेखंड आणि कोरडी हवा पुरते. सेलोटेप कदापि लावू नका, तिचा गोंद कागदात उतरून पिवळा पट्टा कायमचा बसतो. तिसऱ्यांसाठी कुलूप. कॉलेजातली एखादी पोरगी प्रबंधासाठी मूळ आवृत्ती बघायची म्हणून आली तर तिला गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा पत्ता द्या. १८४८ साली सुरू झालंय, तिला नक्की काहीतरी मिळेल. आपल्या प्रतीचा फोटो हवा तर फोनवर पाठवतो म्हणावं, मुखपृष्ठाचा.

भाव कधी वाढेल असं विचारू नका. सीमाप्रश्न १९५६पासून आहे, महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४पासून आहे, थांबायचं कसं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. विकायची वेळ आलीच तर लक्षात येईल की या भागात पहिली आवृत्ती विकत घेणारी माणसं मोजून पाच आहेत, ती पाचही तुमच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत आणि पाचही जणांना विकायचीच आहे. घाबरू नका. तुम्ही तुमच्या ‘कोसला’चे वीस हजार सांगा, समोरचा त्याच्या ‘बनगरवाडी’चे पंचवीस सांगेल. दोघांनीही “थोडं महाग वाटतंय” म्हणून सोडून द्यायचं. पुढच्या महिन्यात तुम्ही पंचवीस सांगा, तो तीस सांगेल.