‘अपराजित’ या शब्दावरून

नमस्कार,

बॉक्सर आर्तूर बेतेरबीएववरच्या माझ्या ‘अपराजित’ शीर्षकाच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: 11 वर्षांत जेमतेम 21 लढती, मधे मधे वर्षभर गायब, एकही व्यावसायिक लढत न हरता निवृत्त झालेल्या रॉकी मार्सियानोने तेवढ्यापेक्षा कमी काळात 49 जिंकल्या. शिवाय हा गडी युक्रेनच्या उसिककडून हरला, आता रशियाच्या बिवोलकडूनही हरला आणि राहतो कॅनडातल्या माँट्रियलला. मग कसला अपराजित आणि कसला रशियन?

उसिकचं आधी घेतो, कारण तिथे तुम्ही मला पकडलंत. हौशी बॉक्सिंगमध्ये 2011 ला बाकूत आणि 2012 ला लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याने बेतेरबीएवला हरवलं. त्याचं अपराजित असणं फक्त व्यावसायिक लढतींपुरतं होतं, आणि ‘व्यावसायिक’ हा शब्द मी लेखात एकदाच, तोही पार तळाशी टाकला. चूक माझी.

रशियनचं म्हणाल तर जन्म दागिस्तानातल्या खासाव्युर्तचा, घर चेचेन, आणि 2009 ला मिलानमध्ये जगज्जेता झाला तो रशियाकडून खेळून. माँट्रियल 2013 नंतरचं. (न्यू जर्सीत तीस वर्षं काढलेला माणूस सातारकर उरतोच की!)

आता ते गायब होणं. खांद्याचं दुखणं, प्रवर्तकाशी (लढती ठरवणाऱ्या प्रमोटरशी) कोर्टकज्जा, मग कोविड, शेवटी गुडघ्याची शस्त्रक्रिया. याला तुम्ही टाळाटाळ म्हणता, मला ते पटत नाही. 2017 ला रिकाम्या बेल्टसाठी (म्हणजे तेव्हा कुणाकडेच नसलेल्या जगज्जेतेपदासाठी) समोर आलेला कोलिंग काही फार मोठा बॉक्सर नव्हता, हे मात्र कबूल.

पण ग्वोझ्दिकचं काय? ऑक्टोबर 2019, फिलाडेल्फिया. समोरचाही एकही लढत न हरलेला, डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा विजेता. नऊ फेऱ्यांनंतर तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर ग्वोझ्दिक पुढे होता. दहाव्या फेरीत बेतेरबीएवने त्याला तीनदा खाली पाडलं आणि रिंगमधल्या पंचाने लढत थांबवली. किंवा डिसेंबर 2021 मधली मार्कस ब्राऊनशी झालेली लढत घ्या. चौथ्या फेरीत डोक्याला डोकं आपटलं आणि बेतेरबीएवचं कपाळ मधोमध फाटलं. रक्त नाकावरून ओघळतंय, डॉक्टर जखम तपासतायत, लढत कधीही थांबेल अशी अवस्था. घाईला येऊन तो हवेत हात फिरवत सुटला नाही. एकेक पाऊल पुढे टाकत बरगड्यांवर, पोटावर ठोसे लावत राहिला. सातव्या फेरीत ब्राऊन खाली बसला, नवव्यात संपला. पहिल्या 20 च्या 20 लढती त्याने नॉकआऊटने जिंकल्या, त्या अशा.

राहिला बिवोल. 12 ऑक्टोबर 2024, रियाध: तीन पंचांचे गुण 114-114, 115-113, 116-112, विजेता बेतेरबीएव. 22 फेब्रुवारी 2025, पुन्हा रियाध: आकडे हुबेहूब तेच, फक्त विजेता बिवोल. बेतेरबीएव तेव्हा चाळिशीचा होता. पण खरं सांगू? पहिली लढत मी पहाटे उठून, वही घेऊन पाहिली आणि माझ्या वहीत बिवोल दोन गुणांनी पुढे होता. लेखात हे लिहायचं मी टाळलं, कारण ‘21-0’ (21 विजय, शून्य पराभव) लिहायला फार छान वाटत होतं. माझ्यावर हा आरोप करायला हवा होता. तुम्ही तेवढाच सोडलात.

शीर्षकातला ‘अपराजित’ काढलाय. ब्राऊनचा परिच्छेद तसाच ठेवतोय. ती लढत एकदा बघा, मग पुन्हा भांडू.