‘लॉगिन स्वतःच लिहा’ या मेसेजला उत्तर

डेव्हलपर मंडळींच्या तीन वेगवेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला एकच मेसेज आलाय. मजकूर साधारण असा: ‘लॉगिन बाहेरच्या सेवेला देणं म्हणजे घराची किल्ली शेजाऱ्याला देणं. स्वतः लिहा, दोन दिवसांचं काम आहे. ते हॅक झाले की तुम्हीही संपलात. एकदा अडकलात की सुटका नाही. आणि आपल्या एवढ्याशा अ‍ॅपवर हल्ला करणार तरी कोण?’ खाली अंगठ्यांची रांग. (बाहेरची सेवा म्हणजे युजरची ओळख पटवायचं काम तुमच्या अ‍ॅपसाठी करून देणारी दुसरी कंपनी.)

दोन दिवसांपासून सुरू करतो, कारण हे वाक्य मीही एकेकाळी छाती फुगवून म्हटलंय. दादरच्या एका क्लासचं अ‍ॅप करत होतो. लॉगिनचं पान, युजरचं टेबल, पासवर्ड बीक्रिप्ट या पद्धतीने हॅश करून (म्हणजे परत उलगडता येणार नाही असा ठसा बनवून) ठेवणं, सगळं खरंच दोन दिवसांत झालं. तिसऱ्या आठवड्यात बारावीचा एक मुलगा काउंटरवर येऊन म्हणाला, “सर, ‘पासवर्ड विसरलात’च्या लिंकमध्ये शेवटी १४२ आहे ना, मी १४३ केलं तर मित्राचा पासवर्ड बदलता आला.” लिंकमध्ये मी सरळ रोल नंबर घातला होता. पोरगा प्रामाणिक म्हणून वाचलो. तो रविवार मी मेगाब्लॉकमध्ये खोळंबलेल्या डोंबिवली लोकलमध्ये, मांडीवर लॅपटॉप घेऊन काढला: लिंकमध्ये अंदाज बांधता येणार नाही असं टोकन, म्हणजे खुणेचा कोड, एकदाच चालणारं, पंधरा मिनिटांत मरणारं.

मग एकेक बाहेर येत गेलं. पासवर्ड बदलला तरी दुसऱ्या फोनवरचं जुनं सेशन, म्हणजे आधी केलेलं लॉगिन, चालूच. चुकीचा पासवर्ड कितीही वेळा टाका, कोणी अडवत नाही. ‘हा ईमेल नोंदलेला नाही’ असं सांगून आम्हीच परक्याला कळवत होतो की क्लासला कोण येतं आणि कोण नाही. ओटीपी पाठवायचा तर एसएमएसचा हेडर आणि टेम्प्लेट आधी डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर नोंदवा (यातून बाहेरची सेवाही दर वेळी सोडवत नाही, हे कबूल). लिंक्डइनसारख्या कंपनीने पासवर्ड सॉल्ट (प्रत्येक पासवर्डला जोडायची वेगळी भर) न घालता एसएचए-१ या जुन्या हॅश-पद्धतीने ठेवले होते, ते २०१२ साली फुटले. तिथे तर इंजिनिअरांची फौज होती.

आता किल्ली. उपमाच चुकलीय. लॉगिन बाहेरच्या सेवेकडून करून घ्यायचं ओपनआयडी कनेक्ट हे मानक २०१४ साली आलं. त्यात युजर पासवर्ड टाकतो तो सेवेच्या पानावर, आणि तुमच्या अ‍ॅपला मिळतं सही केलेलं टोकन. सोसायटीच्या गेटवर वॉचमन चिठ्ठी देतो तसं: कोण आलंय, कोणाकडे आणि किती वाजेपर्यंत. फ्लॅटचं दार उघडायचं की नाही, ते फ्लॅटवाल्याने ठरवायचं. घोळ होतो तो इथेच. टोकन नुसतं उलगडून त्यातला ईमेल वाचणारा कोड मी स्वतः पाहिलाय. सही तपासलेलीच नाही. सही, कोणी दिलं, कोणासाठी दिलं, मुदत, या चारही गोष्टी तपासल्याशिवाय ती चिठ्ठी म्हणजे कागदाचा कपटा. आणि १४२ नंबरच्या पोराला १४३चे मार्क दिसू नयेत, हे कुठलीच सेवा तुमच्यासाठी करणार नाही.

‘ते हॅक झाले की’ ही भीती मात्र पोकळ नाही. ऑक्टा या लॉगिन-सेवा देणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट यंत्रणेत चोर शिरल्याचं ऑक्टोबर २०२३मध्ये उघड झालं. तक्रारीसोबत ग्राहकांनीच अपलोड केलेल्या ब्राउझर-नोंदींच्या फाइलींमध्ये जिवंत सेशन टोकन होती. १३४ ग्राहकांच्या फाइली पाहिल्या गेल्या, पाच जणांची सेशन पळवली गेली. कंपनीच्या चुकीवर पांघरूण घालायचं कारण नाही. पण क्लाउडफ्लेअरसारख्या ग्राहकांना ते कळलं, कारण त्यांच्याकडे लॉग, म्हणजे कोण कधी शिरलं याच्या नोंदी, बघणारी माणसं होती. माझ्या क्लासच्या अ‍ॅपमध्ये लॉग बघत होतं कोण? काउंटरवरचा तो पोरगा.

सुटका नाही, हे अर्धं खरं. अमेझॉनच्या कॉग्निटो या लॉगिन-सेवेतून पासवर्डचे हॅश बाहेर काढताच येत नाहीत, गूगलच्या फायरबेसमधून येतात. म्हणून सेवा निवडण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारा. तुमच्या टेबलात युजरचा आयडी तुमचा स्वतःचा ठेवा, सेवेचा आयडी शेजारच्या रकान्यात, म्हणजे उद्या सेवा बदलली तरी मार्क, फी, हजेरी जागेवर राहतात. बाहेरचं कोणी नकोच असेल तर कीक्लोक हे तयार लॉगिन-सॉफ्टवेअर आहे. ते मुक्त-स्रोत आहे, आपल्या सर्व्हरवर चालतं. फक्त त्याचे अपडेट रात्री उठून तुम्हालाच लावायचे आहेत.

उलट बाजूची मंडळीही कमी नाहीत. ‘सेवा लावली, आता जबाबदारी त्यांची’ म्हणतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तसं नाही. तुमच्या वतीने दुसऱ्याने माहिती हाताळली तरी उत्तर तुम्हीच द्यायचं, आणि सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो.

राहिला प्रश्न, छोट्या अ‍ॅपवर येतं कोण. माणूस येत नाही, बॉट येतात. दुसरीकडे फुटलेल्या ईमेल-पासवर्डच्या याद्या घेऊन ते दार दिसेल तिथे लावून बघतात. अ‍ॅप केवढं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. मेगाब्लॉकच्या त्या रविवारनंतर मी पहिल्यांदा लॉग नीट उघडला. रात्री तीन वाजता ‘अ‍ॅडमिन’ नावाने लॉगिन करायचे प्रयत्न, पानंच्या पानं. त्या क्लासमध्ये या नावाचा विद्यार्थी नव्हता.