म्हणे 'येंटल' स्पीलबर्गने केला!

परवा रात्री भाचीने एक स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "मावशी, खरंय का गं?" भाची दिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरून बसली आहे. फी भरायची राहिली आहे आणि ती भरणार आहेत तिचे बाबा, म्हणजे आमचे भाऊजी. फॉरवर्डही भाऊजींनीच तिला पाठवलेलं. वर त्यांची स्वतःची ओळ: "वाचून घे. मग ठरवू."

फॉरवर्ड आहे अमेरिकन गायिका-अभिनेत्री बार्ब्रा स्ट्रायसँडबद्दल. भाऊजींनी या बाईचं एक तरी गाणं शेवटपर्यंत ऐकलं असेल असं मला वाटत नाही, पण तिच्या सिनेमांबद्दल आता त्यांचं पक्कं मत झालं आहे. फॉरवर्डमध्ये तिचं नाव 'बार्बरा' लिहिलंय. तिने स्वतःच्या नावातला मधला 'अ' तरुणपणीच काढून टाकला होता, हे तिच्या कुठल्याही रेकॉर्डच्या वेष्टनावर दिसतं. म्हणजे लिहिणाऱ्याने तेवढंही पाहिलेलं नाही.

मजकुराचा सारांश असा. ती मुळात गायिका, सिनेमात चालली ती गाण्यांच्या जोरावर. १९८३ चा 'येंटल' तिच्या नावावर आहे, पण खरं दिग्दर्शन स्टीव्हन स्पीलबर्गचं. मूळ कथेच्या नोबेलविजेत्या लेखकानेच तो सिनेमा झिडकारला, कारण बाईने सगळं स्वतःच करायचा हट्ट धरला. त्यानंतर ऑस्करवाल्यांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. शेवटी आपल्या पडलेल्या सिनेमाचे व्हिडिओ इंटरनेटवरून हटवायला ती कोर्टात गेली आणि त्यावरून 'स्ट्रायसँड इफेक्ट' (लपवायला गेलं की जास्तच पसरतं) हा शब्द आला. मग तीन हात जोडलेले इमोजी आणि ठळक अक्षरांत तात्पर्य: बाईने गावं, अभिनय करावा, पण जहाजाचा कप्तान एकच असतो.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो दोन वाक्यांत संपतो. २००३ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची धूप नोंदवण्यासाठी विमानातून काढलेल्या हजारो फोटोंपैकी एकात तिचं मालिबूचं घर दिसत होतं, म्हणून तिने खटला भरला. तोवर तो फोटो सहा वेळा डाउनलोड झाला होता, त्यातला दोनदा तिच्याच वकिलांनी केलेला. खटल्याची बातमी फुटल्यावर महिन्याभरात चार लाखांवर लोक तो पाहून गेले. यात सिनेमा कुठेही नाही. खटला ती हरली आणि हसंही झालं, ते मान्य.

'गाण्यांच्या जोरावर' हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त चिडचिड होते. पहिला सिनेमा 'फनी गर्ल' (१९६८) संगीतिकाच होता. ब्रॉडवेच्या रंगमंचावर तिने गाजवलेली भूमिका दिग्दर्शक विल्यम वायलरने पडद्यावर आणली आणि पदार्पणातच तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. तेही कॅथरिन हेपबर्नबरोबर बरोबरीत, मतं समसमान पडली म्हणून. पुढचा 'हॅलो, डॉली!' हाही गाण्यांचाच. इथवर फॉरवर्डचं ऐकू. पण १९७० च्या 'द आउल अँड द पुसीकॅट'मध्ये ती एकही गाणं गात नाही. १९७२ चा 'व्हॉट्स अप, डॉक?' म्हणजे चार सारख्या दिसणाऱ्या बॅगांचा गोंधळ आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवरची पळापळ. त्यात हशा मिळतो तो तिच्या तोंडाच्या पट्ट्यामुळे, गळ्यामुळे नाही. 'द वे वी वेअर' (१९७३) मध्ये रॉबर्ट रेडफर्डसमोर ती एका हट्टी डाव्या कार्यकर्तीच्या भूमिकेत आहे. शीर्षकगीत तिच्या आवाजात आहे खरं, पण ती व्यक्तिरेखा गात नाही, आणि ऑस्करचं नामांकन मिळालं ते अभिनयाचं. आणि गाण्यांचाच जोर म्हणायचा तर १९७६ च्या 'अ स्टार इज बॉर्न'मधल्या 'एव्हरग्रीन'ची चाल तिची स्वतःची आहे. त्यासाठी गीतकार पॉल विल्यम्सबरोबर तिला ऑस्कर मिळालं, आणि गाण्याच्या चालीसाठी ते मिळवणारी ती पहिली स्त्री संगीतकार. स्वतःच बांधलेल्या चालीवर कोणी तरलं तर त्यात कमीपणा कसला?

आता स्पीलबर्ग. भाचीला लागलं ते हेच.

आयझॅक बाशेविस सिंगरची मूळ कथा छोटीशी आहे. पोलंडमधल्या येंटल नावाच्या एका ज्यू मुलीला तालमूद हा धर्मग्रंथ शिकायचा असतो, मुलींना ते बंद, म्हणून ती केस कापून, पुरुषी कपडे घालून, अनशेल हे नाव घेऊन येशिवात, म्हणजे धर्मपाठशाळेत दाखल होते. स्ट्रायसँडच्या हाती ही कथा १९६८ च्या सुमारास आली. सिनेमा पडद्यावर आला १९८३ मध्ये. मधली पंधरा वर्षं ती स्टुडिओंच्या पायऱ्या झिजवत होती. कुणाला विषय फार ज्यू वाटला, कुणाला तिचं वय जास्त वाटलं, कुणाला पहिल्यांदाच दिग्दर्शन करणाऱ्या बाईच्या हातात एवढे पैसे द्यायची भीती वाटली. 'हेवन्स गेट' हा महागडा सिनेमा आपटल्यावर सगळं हॉलिवूडच हात आखडून बसलं होतं, त्यात एका कंपनीने हा सिनेमा सोडूनही दिला. शेवटी तिने तो केला तेव्हा ती निर्माती होती, दिग्दर्शिका होती, जॅक रोझेन्थालबरोबर पटकथेची सहलेखिका होती, नायिका होती आणि गायिकाही. मला सांगा, पंधरा वर्षं दारोदार फिरून मिळवलेलं काम ऐन वेळी कोणी दुसऱ्याला देऊन टाकेल का?

अफवेचं मूळ काय, तर तिने सिनेमा स्पीलबर्गला दाखवला होता. बस. तिने स्वतःच पुढे सांगितलंय की तो पाहून त्याने एकही फ्रेम बदलू नकोस असा सल्ला दिला, आणि मग त्यानेच मदत केली असं छापून आल्याचा तिला संताप आला. सिनेमात हादासची भूमिका करणाऱ्या एमी अर्व्हिंगने पुढे १९८५ मध्ये स्पीलबर्गशी लग्न केलं. गप्पा मारणाऱ्यांना एवढा धागादोरा पुरतो. पण सिनेमा मित्राला दाखवणं म्हणजे त्याच्याकडून करून घेणं असेल, तर आमच्या ताईने गेल्या दिवाळीत केलेल्या सगळ्या चकल्या माझ्या, कारण पहिल्या घाण्याची चव मी पाहिली होती.

बरं, हे सगळं बाजूला ठेवा आणि सिनेमा बघा. सगळ्या सिनेमात गाते ती एकटी येंटल, आणि बहुतेक गाणी तिच्या मनात चालतात. ज्यांना संगीत नाटकाची सवय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पद म्हणजे पात्राचं मनोगत, शेजारी उभ्या असलेल्या पात्राने ते ऐकलंच नाही असं धरायचं. इथे कॅमेरा आणखी पुढे जातो. जेवणाच्या टेबलाचा प्रसंग आहे. हादास वाढते आहे, येशिवातला येंटलचा सोबती आव्हिगडोर आपल्या या वाग्दत्त वधूकडे बघतो आहे, आणि पुरुषाच्या वेशातली येंटल दोघांकडे. तिचे ओठ मिटलेले, गाणं आत चाललेलं, आणि मधूनच टेबलावरचं बोलणं त्या गाण्यात शिरतं. नजर कुठे वळली की गाण्यातली कोणती ओळ यावी आणि कुठे थांबून समोरच्याचं वाक्य ऐकू द्यावं, याचा हिशेब गाणाऱ्यालाच जमतो. आव्हिगडोरच्या भूमिकेत मॅन्डी पटिन्किन आहे. 'एव्हिटा' या संगीतिकेसाठी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळवलेला हा खणखणीत गायक, आणि त्याला अख्ख्या सिनेमात एक ओळ गायला दिलेली नाही! निर्णय पटो न पटो, तो दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नाही. (मला अर्धाच पटतो. पटिन्किनला गप्प बसवणं म्हणजे घरात आमरस करून पाहुण्यांना नुसत्या पोळ्या वाढणं.)

आणि आता सिंगर. इथे फॉरवर्डवाल्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आहे. सिंगरला सिनेमा आवडला नाही, हे शंभर टक्के खरं. जानेवारी १९८४ मध्ये त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्वतःच स्वतःची मुलाखत घेऊन तसं लिहिलं. पण काय लिहिलं? कथेत गाणं नव्हतं, ते घुसडलं. शेवटी येंटलला अमेरिकेच्या जहाजावर चढवलं, जे त्याच्या येंटलने कधी केलं नसतं. आणि मुख्य तक्रार ही की नटी सतत पडद्यावर आहे, बाकीच्यांना वाव नाही. अभिनय करणाराच निर्माता आणि लेखकही झाला की स्वतःला आवरणं कठीण जातं. म्हणजे मूळ लेखकाची तक्रार अशी की या सिनेमात सगळीकडे तीच ती आहे. स्पीलबर्गचं बोट लागलं असा संशयही त्याला आला नाही.

मग फॉरवर्डवाल्याने एक काहीतरी ठरवावं. एका ओळीत म्हणायचं सिनेमा तिने केलाच नाही, लगेच पुढच्या ओळीत म्हणायचं सगळं तिनेच केलं म्हणून बिघडला. दोन्ही एकदम खरं कसं असेल? तिच्यावर सगळ्यात जास्त चिडलेला माणूसच तिचा सगळ्यात पक्का साक्षीदार आहे.

सिंगरचं शेवटाबद्दलचं म्हणणं मात्र मला नाइलाजाने पटतं. जहाजावर उभी राहून आभाळाला साद घालणारी ती बाई येंटल उरत नाही, 'फनी गर्ल'मध्ये बोटीवरून गाणारी स्ट्रायसँड होते. वयाचा टोमणाही फॉरवर्डमध्ये आहे, की चाळिशीची बाई कोवळी मुलगी झाली. झालीच. चित्रीकरणाच्या वेळी ती चाळीस वर्षांची होती आणि जवळून घेतलेल्या दृश्यांत ते दिसतं. पण पन्नाशी उलटलेल्या बालगंधर्वांना शालू नेसून नायिका होताना ज्या महाराष्ट्राने डोळ्यांत पाणी आणून पाहिलं, त्याने तरी हा मुद्दा काढू नये.

ऑस्करचं म्हणाल तर 'येंटल'ला पाच नामांकनं होती आणि संगीतासाठी पुरस्कार मिळाला. दिग्दर्शनासाठी तिचं नाव नव्हतं, हे खरं. त्याच हंगामात गोल्डन ग्लोबने मात्र दिग्दर्शनाचा पुरस्कार तिलाच दिला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री आणि दुसरी स्त्री मिळायला २०२१ उजाडलं: क्लोई झाओ, 'नोमॅडलँड'. तिनेच दिग्दर्शित केलेल्या 'द प्रिन्स ऑफ टाइड्स' (१९९१) ला सात नामांकनं होती, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं एक. सहनिर्माती म्हणून ते तिच्याही नावावर होतं, म्हणजे ढुंकून पाहिलं नाही हे धादांत खोटं. दिग्दर्शकांच्या संघटनेनेही त्या वर्षी तिला नामांकन दिलं होतं. फक्त अकादमीच्या दिग्दर्शकांच्या यादीतून ती पुन्हा गळाली आणि सोहळ्यात सूत्रसंचालक बिली क्रिस्टलने गाण्यातून विचारलं, की हा सिनेमा काय आपोआप दिग्दर्शित झाला? सभागृह हसलं. तीसहून जास्त वर्षांनंतर भाऊजींच्या फोनवर तोच विनोद इमोजी लावून खरा म्हणून फिरतोय.

तिने दिग्दर्शित केलेल्या तिसऱ्या सिनेमाची, 'द मिरर हॅज टू फेसेस' (१९९६) ची, वकिली मी करणार नाही. लॉरेन बकॉल सोडली तर त्यात पाहण्यासारखं थोडंच आहे.

एक गंमत राहिली. मी हे सगळं भाचीला लिहीत होते तेवढ्यात आमच्या एका मावसभावाने तिची बाजू घेत दुसरं फॉरवर्ड टाकलं: 'सिनेमा लिहिणारी, काढणारी, दिग्दर्शित करणारी आणि त्यात काम करणारी जगातली पहिली स्त्री!' अरे बाबा, थांब. अमेरिकेतच एलेन मेने १९७१ मध्ये 'अ न्यू लीफ' लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात नायिका झाली. आणि जगातलंच म्हणत असशील तर आपल्या दक्षिणेतल्या अभिनेत्री भानुमतीला कुठे ठेवतोस? १९५३ चा 'चंडीराणी': दिग्दर्शन तिचं, दुहेरी भूमिका तिची, गळा तिचा, निर्मिती घरच्या भरणी पिक्चर्सची, आणि सिनेमा एकदम तेलुगू, तमिळ आणि हिंदी अशा तीन भाषांत. स्ट्रायसँड तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला मोठं ठरवायला असल्या बिरुदाची गरज नाही, आणि खोट्याला खोट्याने उत्तर दिलं की भाऊजींसारख्यांचं फावतं.

हे सगळं मी काल भाऊजींना थेट पाठवलं, ग्रुपवर नाही. ताईच्या नवऱ्याला चारचौघांत बोलणं बरं दिसत नाही. दोन निळ्या खुणा आल्या. तासाभराने उत्तर आलं:

"पण स्पीलबर्गला दाखवला होता ना?"

मी लिहिलं, "हो भाऊजी, दाखवला होता. आता तुम्हीही बघा. रविवारी येते, दोन तास तेरा मिनिटांचा आहे. आणि फीची शेवटची तारीख सोमवार आहे."