‘शर्तीची खरेदी’: खरेदी की गहाण?

नमस्कार. मुदतखरेदी म्हणजेच शर्तीची खरेदी: पैसे घेताना जमीन खरेदीखताने लिहून द्यायची आणि मुदतीत पैसे फेडले की परत घ्यायची. त्यावरच्या लेखाखाली आपण लिहिलंत, ‘खरेदी ती खरेदी. शर्त म्हणजे फक्त पैसे फेडायची मुदत. ती टळली की जमीन गेली. तुम्ही उगाच आशा लावता.’ गावात व्यवहार असाच समजला जातो, हे खरं. सावकारांना तो असाच समजला जायला हवाही असतो.

पण मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 58 मध्ये शर्तीची विक्री हा गहाणाचाच एक प्रकार सांगितला आहे. रक्कम परत दिली की विक्री रद्द होईल, किंवा घेणारा जमीन उलट लिहून देईल, अशी ती शर्त. 1929 च्या दुरुस्तीने एक बंधन आलं: ही शर्त खरेदीखतातच हवी. खरेदीखत एक आणि फेरखरेदीचा (जमीन परत विकत घेण्याचा) करार वेगळ्या कागदावर असेल, तर तो व्यवहार गहाण ठरत नाही. तिथे आपलं म्हणणं बरोबर आहे, मुदत काटेकोर पाळावी लागते.

एकाच कागदात शर्त आहे म्हणून गहाण ठरलंच, असंही नाही. चुनचुन झा विरुद्ध इबादत अली (1954) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. मग पाहायचं ते दोघांच्या मनात काय होतं ते, आणि ते आधी कागदातून, कागद स्पष्ट नसेल तर भोवतालच्या परिस्थितीतून शोधायचं. बाजारभावाच्या मानाने किंमत फारच कमी का? ताबा कोणाकडे राहिला? सारा कोण भरत आलं? जमीन खरोखर विकणारा माणूस ती स्वतःच कसत राहत नाही, निदान फुकट तरी नाही.

गहाण ठरलं, की मुदत टळल्याने जमीन आपोआप जात नाही. घेणाऱ्याला दावा लावून कोर्टाचा हुकूमनामा मिळवावा लागतो. तोवर गहाण सोडवून घेण्याचा हक्क शाबूत राहतो आणि गहाण सोडवण्याच्या दाव्याला 1963 च्या मुदत कायद्याने 30 वर्षं दिली आहेत. सातबारावर घेणाऱ्याचं नाव चढलं म्हणूनही तो हक्क बुडत नाही. फेरफाराने मालकी ठरत नाही.

(सातबारावरची ‘नवीन शर्त’ हे वेगळंच प्रकरण. ती सरकारने घातलेली, परवानगीशिवाय जमीन हस्तांतरित न करण्याची. दोन्हींची गल्लत नको.)

आपल्याजवळ असा कागद असेल तर त्याला वर काय नाव दिलंय ते सोडा. शर्त त्याच खतात आहे का आणि रक्कम किती लिहिली आहे, एवढं आधी वाचा आणि दिवाणी वकिलाला दाखवा.