आधी संडास दाखवा, फीचं नंतर बोलू

संडास बघायचाय म्हटल्यावर उत्तर काय, तर "पॅरेंट्सना आत अलाउड नाही." ही गेल्या शनिवारची गोष्ट, घोडबंदर रोडवरच्या एका प्रीस्कूलमधली. काउन्सेलर मॅडमनी पंचवीस मिनिटं टॅबवर व्हिडिओ दाखवले, अ‍ॅप दाखवलं, एसी दाखवला. पण तीन वर्षांचं पोर रोज जिथे चड्डी काढून बसणार, ती जागा तेवढी दाखवायची नाही. कारण विचारलं तर "सेफ्टी पॉलिसी". त्या दिवशी शाळेत एकही मूल नव्हतं. मग सेफ्टी कुणाची?

आणि हे ठाणे जिल्ह्यात! ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात दोन चिमुरड्यांवर शाळेतच अत्याचार झाले. २० तारखेला लोकांनी रुळांवर ठाण मांडलं, लोकल तासन्‌तास बंद होत्या. त्यानंतरही या जिल्ह्यातल्या आईबापांना संडास बघायला विनवण्या कराव्या लागतात, याचा संताप येतो.

बघायचं असतं ते काही फार नसतं. कमोड लहान हवा, मुलाचे पाय जमिनीला टेकायला हवेत. पाय लोंबकळले की जोर लावता येत नाही, मूल घाबरतं, घरी येईपर्यंत दाबून ठेवतं आणि आठवडाभरात बद्धकोष्ठ सुरू. आत अडकेल अशी कडी नको. फरशी कोरडी हवी, जूनमध्ये तर नक्कीच. संडासात कॅमेरा नकोच, पण बाहेरच्या पॅसेजमध्ये हवा, आणि रेकॉर्डिंग किती दिवस ठेवता तेही सांगा. मुलांना नेतं कोण? ठरलेली मावशी, की हाताशी असेल तो? मावशी रजेवर गेली की कोण? मावशी, शिपाई, व्हॅनवाला, सगळ्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय असं तोंडी नका सांगू, कागद दाखवा.

कागदाचं तर नावच काढू नका. फीचा आकडा टॅबवर, फोटो काढायचा नाही, छापील काही मिळणार नाही, आणि "आजच टोकन भरलंत तर डिस्काउंट". मुलाची शाळा आहे ही, सेलमधली साडी नाही! अ‍ॅडमिशन फी, किट, युनिफॉर्म, अ‍ॅन्युअल डे, व्हॅन दहा महिन्यांची की बारा, सगळं एका कागदावर लिहून सही-शिक्का द्या. मूल पंधरा दिवसांत रमलं नाही तर किती पैसे परत मिळणार, तेही त्यावरच. लिहून देत नसतील तर टोकन भरू नका आणि वर्षाची फी एकरकमी तर अजिबात देऊ नका. नंतर पैसे परत मागायला गेलं की तीच मॅडम मीटिंगमध्ये असते.

"आमच्याकडे वन इज टू टेन", म्हणजे दहा मुलांमागे एक टीचर, हेही ऐकून कान किटले. त्या गणितात मावशीलाही टीचर धरलेलं असतं. केंद्राच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वयासाठी वीस मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीनच्या आतल्यांसाठी दहांमागे एक, असं स्पष्ट लिहिलंय. ३० मुलांना ३५ चौरस मीटरची खोली, म्हणजे साधारण ३७५ चौरस फूट, हेही तिथेच आहे. आता सोसायटीतल्या तळमजल्याच्या फ्लॅटचा हॉल मोजा. दहा बाय सोळा, म्हणजे १६० चौरस फूट. त्यात बारा मुलं बसवायला हवीत, हे वीस कोंबतात. म्हणूनच शनिवारी बोलावतात, रिकामा हॉल मोठा दिसतो. वर्ग बघायचा तर कामाच्या दिवशी साडेनऊला जा, मुलं आत जाताना गेटवर पंधरा मिनिटं उभे राहा. रडणाऱ्या पोराला कोण उचलून घेतं आणि कोण नुसतं हाताला धरून ओढतं, तिथेच कळतं.

वयाची फसवणूक वेगळीच. राज्याचा नियम साधा आहे: प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी तीन वर्षं पूर्ण, पहिलीसाठी सहा. जानेवारी २०२३ चं मूल जून २०२६ ला नर्सरीत जायला हवं. हे लोक त्याला २०२५ लाच "ब्राइट आहे हो" म्हणून नर्सरीत घेतात. २०२८ मध्ये पहिलीच्या दारात ते ३१ डिसेंबरच्या हिशेबाने पाच वर्षं अकरा महिन्यांचं ठरतं, आणि सीनियर केजी पुन्हा. एक वर्षाची फी जास्तीची, वर मुलाला वाटतं आपण नापास झालो.

त्या कोवळ्या बोटांत पेन्सिल कोंबणाऱ्यांची तर चीड येते. तीन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं, कारण खांदा आणि मनगटच अजून तयार नसतं. त्याला कणीक मळू द्या, कागद फाडू द्या, मणी ओवू द्या. पण नाही, दिवाळीपर्यंत एबीसीडीची वही भरलीच पाहिजे. आणि वर पालकांना शिकवण, "घरी मराठी बोलू नका, कन्फ्यूज होतो तो." मूल आजीशी कोणत्या भाषेत बोलणार, हे ठरवणारे तुम्ही कोण?

हे सगळं कुठे चाललंय? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली. पालघर जिल्हा वेगळा होण्याआधी बोर्डी आणि कोसबाड याच ठाणे जिल्ह्यात होते. आदिवासी पाड्यांवरची पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. बिया, पानं, शंख-शिंपले, एवढ्यावर शिकवलं. त्यांच्या कामाचीच मुळं मारिया मॉन्टेसरींच्या बालशिक्षण पद्धतीत होती. आज प्लास्टिकचं किट आणि दर अर्ध्या तासाला घंटा असलेल्या वर्गावर मॉन्टेसरीची पाटी लागते. मॉन्टेसरीत तीन ते सहाची मुलं एकत्र बसतात, हातातलं काम संपेपर्यंत त्यांना कुणी उठवत नाही. एवढं तरी बघून पाटी लावा!

संध्याकाळी फोन आला, दोनच सीट्स उरल्यात म्हणून. सोमवारी वर्ग चालू असताना येतो, संडास दाखवाल का, एवढंच विचारलं. "मॅनेजमेंटला विचारून सांगते." आज गुरुवार आहे.