स्टेलमेटचा अर्धा गुण कुणी काढून घेऊ नये

मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेत हे हमखास घडतं. एकाकडे राजा आणि वजीर, समोर नुसता राजा, आणि निकाल बरोबरी! कारण समोरच्याला शह नसतो, पण चालही उरलेली नसते. हीच कोंडी, म्हणजे स्टेलमेट, आणि त्यात दोघांना अर्धा-अर्धा गुण. पालक चिडतात, प्रशिक्षकही हळहळतात. मग मागणी येते, की प्रतिस्पर्ध्याला कोंडलं तर पूर्ण गुण द्या, निदान अर्ध्यापेक्षा जास्त द्या. मागणी नवी नाही. विश्वविजेत्या इमॅन्युएल लास्करनेही तसं सुचवलं होतं. चिनी बुद्धिबळात तर ज्याला चाल उरत नाही तो हरतो, आणि इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत उलट कोंडी करणाराच हरायचा. तरीही आजचा नियम आहे तसाच राहावा, असं माझं ठाम मत आहे.

नियम सरळ आहे. ज्याची पाळी आहे त्याच्या राजाला शह नसावा आणि त्याच्या एकाही मोहऱ्याला नियमात बसणारी चाल नसावी. दोन्ही अटी एकाच वेळी लागतात. कोपऱ्यातलं एखादं प्यादं एक घर सरकू शकत असेल तर स्टेलमेट नाही. बातम्यांत वाटाघाटींची 'कोंडी' होते आणि चार दिवसांनी फुटते. पटावरची फुटत नाही, डाव तिथल्या तिथे संपतो. म्हणून समोरचा "मात!" म्हणाला तरी मुलांनी लगेच हात मिळवू नये. राजाला शह आहे का ते आधी पाहावं, शंका असेल तर घड्याळ थांबवून पंचांना बोलवावं.

आता नियम का हवा ते सांगतो. पांढरा राजा ई६ (अक्षर म्हणजे पटावरची उभी ओळ, अंक म्हणजे आडवी रांग), प्यादं ई७, काळा राजा ई८, चाल काळ्याची. डी८ आणि एफ८ ही घरं प्याद्याने रोखली आहेत, डी७ आणि एफ७ राजाने, आणि प्यादं मारावं तर त्याला राजाचा आधार आहे. बरोबरी. एका प्याद्याच्या डावांचं सगळं शास्त्र यावर उभं आहे : राजाच्या सोबतीने प्यादं सातव्या रांगेत शह न देता पोचलं तर सहसा जिंकतं, शह देत पोचलं तर सहसा बरोबरी. स्टेलमेटला विजय मानलं, की राजासमोर राजा उभा करून वाचवण्याची कला निरुपयोगी ठरते. हल्ल्यासाठी प्यादं सोडायलाही मग कुणी धजावणार नाही, कारण शेवटी ते एक प्यादंच डाव घेऊन जाईल.

आणि साव्हेद्रा या पाद्र्याच्या नावाने ओळखली जाणारी रचना, म्हणजे पटावर मांडलेलं कोडं? १८९५ साली ग्लासगोत गाजलेली. पांढरा राजा बी६, प्यादं सी६; काळा राजा ए१, हत्ती डी५. प्यादं सी७ वर जातं, हत्ती मागून शह देत राहतो, राजा बी५, बी४, बी३ असा उतरत सी२ वर येतो. आता काळा हत्ती डी४ वर. सी८ वर पोचलेल्या प्याद्याचा वजीर केला तर हत्ती सी४ वर शह देतो, वजिराने तो मारताच स्टेलमेट. फादर साव्हेद्रांनी दाखवलं, की तिथे वजीर नाही, हत्ती करायचा! पुढची धमकी ए८ वरून मातेची. काळा हत्ती ए४ वर आडवा येतो, तेव्हा पांढरा राजा बी३ वर जातो. हत्तीवर हल्ला आणि सी१ वर मातेची धमकी, दोन्ही एकदम. नियम बदलला तर हे सगळं सौंदर्य एका फटक्यात जातं.

मुलांची चूक होते ती ठरावीक ठिकाणी. एकट्या राजाला वजिराने ढकलताना घोड्याच्या चालीइतकं अंतर ठेवा असं शिकवतात, ते बरोबर आहे. पण राजा कोपऱ्यात गेला की तेच अंतर घात करतं. काळा राजा एच८, वजीर जी६ किंवा एफ७, आणि आपला राजा लांब : स्टेलमेट. त्यामुळे काळा राजा आठव्या रांगेच्या टोकाला गेला की वजीर ई७ वर ठेवून थांबवावा. काळ्याला जी८ आणि एच८ ही दोन घरं मोकळी राहतात. तो तिथे ये-जा करत असताना आपला राजा सावकाश जी६ वर आणावा, मग वजीर जी७, मात. हत्तीच्या बाबतीत काळा राजा ए८, हत्ती बी७ आणि त्याला सी६ वरच्या राजाचा आधार, ही स्थिती टाळायची.

प्रशिक्षकांना विनंती, की वजिराची मात शिकवाल त्याच तासाला या तिन्ही स्थिती पटावर मांडून दाखवा. ओपनिंगच्या चाली नंतर पाठ होतील.