डार्विन, सन १८९०-९१

कालपासून ते पुस्तक टीव्हीच्या बाजूला पालथं ठेवलंय, कारण सुलटं ठेवलं की माझं बीपी वाढतं. लालभडक रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरात 'डारवीन', आणि खाली, हात जोडतो, 'सन १८९०-९१'.

झालं असं की नागपुरात बर्डीच्या फुटपाथवर गाइडांच्या ढिगाखाली मला डार्विनच्या बीगल जहाजावरच्या प्रवासाची रोजनिशी सापडली. जॉन मरे, लंडन, १८९०, चित्रांसकट, ४०० रुपयांत. पहिली आवृत्ती १८३९ची, ती आपल्याच्यानं या जन्मी होत नाही, ही डार्विन जाऊन आठ वर्षं झाल्यावर निघालेली, पण आपल्यासाठी हीच कोहिनूर. पाठ सुटली होती म्हणून महाल भागात एका बाइंडरकडे दिली आणि तीनदा सांगितलं, फक्त पाठ चिकटवा, बाकी हात लावू नका. "टेन्शन नका घेऊ न भाऊ," तो म्हणाला. तिथंच घ्यायला पाहिजे होतं.

"कडा पिवळ्या पडल्या होत्या न, कटिंग मारून देल्ली."

तिन्ही बाजूंनी! समासात कुणीतरी पेन्सिलीनं मोडीत टिपणं केली होती. मला मोडी येत नाही हे खरं, पण आता अर्धी कापलेली मोडी कोणाच्या बापाला येणार आहे? आणि १८९०-९१ काय? तर म्हणे नुसतं १८९० अर्धवट दिसते, सोसायटीच्या रेकॉर्डले आम्ही असंच टाकतो.

मी तोंड उघडणार एवढ्यात स्टुलावर बसलेले एक काका, नातवाचं प्रॅक्टिकल जर्नल बाइंड करायला आलेले, मधेच म्हणाले, "तुमचंबी जर्नलच का?"

"हो. म्हणजे, डार्विनचं."

"सायन्सले आहे का पोरगा?"

मी संतापात होतो म्हणून सरळ उत्तरं देत गेलो, ही माझी चूक. म्हटलं आधी मेडिकलला होता, सोडलं.

"मेडिकलची सीट सोडली?" काका उभेच राहिले. "बाप काय करते?"

"डॉक्टर."

"अरे बाप्पा! मंग?"

"मग बापानं पाद्री व्हायला पाठवलं, तेही झालं नाही, मग बाविसाव्या वर्षी जहाजावर गेला. बाप नाहीच म्हणत होता, मामानं समजावलं."

"मामा असेच असतात. पगार किती होता?"

"पगार नाही. खर्च बापाचा. दोन वर्षांचं म्हणून गेला, पाच वर्षांनी आला."

काका हळूच बसले. "आमच्या गल्लीत आहे असा एक," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "कुठं कुठं फिरला?"

ब्राझील, पॅटागोनिया, गॅलापागोस, ऑस्ट्रेलिया, मॉरिशस.

"अन् नागपूर?"

"काका, तो भारतातच आला नाही. मॉरिशसवरून तिकडंच आफ्रिकेला वळला."

"मंग याले जगाची चक्कर कशी म्हणता? झीरो माईलचा दगड इथं आहे, त्यानं मोजाले सुरुवात केली कुठून?"

बाइंडरनं मान डोलावली. दुकानात बहुमत त्यांच्याकडे होतं.

खरं सांगतो, काकांचा मला राग आला नाही, ते निदान काही विचारत तरी होते. राग याचा येतो की आपल्याकडे जुनं म्हणजे मळलेलं, आणि मळलेलं म्हणजे कापून फेका. देवळाला ऑइलपेंट, वाड्याला टाइल्स, पुस्तकाला रेक्झिन. जुना कागद नीट हाताळणारा माणूस शोधायला मी अख्खा महिना फिरलो, प्रत्येक जण म्हणे लॅमिनेशन करून देऊ का. जाऊ द्या.

तर त्याच पुस्तकात एक किस्सा आहे. डार्विन पॅटागोनियात ऱ्हिया नावाच्या शहामृगासारख्या पक्ष्याची एक दुर्मीळ जात शोधून राहिला होता. सोबतच्या चित्रकारानं एक पक्षी मारून आणला, यांना वाटलं नेहमीचाच आहे, अजून पूर्ण वाढलेला नाही, म्हणून शिजवला, खाल्ला, आणि मग साहेबांना आठवलं की अरे, हाच तो! सावजी खानावळीत बसलेल्या माणसाचं असं होणं मी समजू शकतो. मग डोकं, मान, पाय, पंख, पिसं, जे उरलं होतं ते गोळा करून लंडनला पाठवलं.

मीही तेच केलं. रद्दीच्या पोत्यात हात घालून जुना पुठ्ठा काढला, मग समासाच्या पट्ट्या वेचायला बसलो, आणि त्यात कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पट्ट्याही मिसळलेल्या. काका पोतं धरून उभे. "मार्क कटतात का याच्यानं?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"पट्ट्यायले बी बाइंड करून देऊ का?" बाइंडर म्हणाला.

३५० रुपये घेतले त्यानं. ५००ची नोट दिली तर १३० परत दिले, वरचे वीस नंतर घेऊन जा म्हणे, सुट्टे नाहीत.

जाणार आहे मी.